आंदणाच्या गादीतली म्हातारी

आमच्या म्हातारीला ऐकू येत नाही हे कळायला मला दोन वर्षं लागली. यात माझा काही दोष नाही. ऐकू येत होतं तेव्हाही तिनं माझं एक अक्षर ऐकलं नव्हतं.

म्हातारी म्हणजे मांजर. अकोल्यात जठारपेठेत माझं गाद्यांचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर, मधे रुई पिंजायची मशीन. अठरा वर्षांपूर्वी बार्शीटाकळीहून आलेल्या रुईच्या गाठोड्यातून ही निघाली, मुठीएवढी, पांढरीफटक. मी म्हटलं, दोन दिवस ठेवू, मग कोणाला तरी देऊन टाकू. ते दोन दिवस अजून संपायचे आहेत.

गिऱ्हाईक गादी दाबून पाहायला आलं की त्याच्याआधी ही जाऊन त्यावर आडवी होते. मग मी ओरडतो, "अवं ऊठ! तुह्या बापाचा पलंग हाये का हा?" आतून बायको म्हणते, "मंग तिचा बाप कोन हाये अजी? तुमीच ना!" लोकांना मी सांगतो, उंदरांसाठी ठेवली आहे. उंदीर तिच्या शेपटीवरून जातात, ती कूस बदलते.

खरं सांगायचं तर ती माझ्याच हातून खाते. दात पडले आहेत, म्हणून पोळी दुधात कुस्करून बोटावर द्यावी लागते. बायकोचं बोट चालत नाही, माझंच लागतं. मी गावाला गेलो की ही उपाशी बसते. त्यापायी चार वर्षांत मी कुठे मुक्काम केलेला नाही. साळ्याच्या घरच्या लग्नातून जेवण टाकून पळून आलो, तो साळा अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

या मे महिन्यात गल्लीतल्या एका भाऊंच्या मुलीचं लग्न निघालं. लग्न मुलाकडे, अमरावतीला. आंदणात पलंग द्यायचा, त्यावरच्या दोन गाद्या आणि चार उशा माझ्याकडे. एकुलती एक पोरगी. भाऊ रोज येऊन रुई बोटांत चोळून पाहायचे. "चाचा, माही पोरगी झोपनार हाये यावर. एक सरकी राहाले नाई पायजे." मी म्हणायचो, "भाऊ, तुमी जा ना बाप्पा घरी, मले काम करू द्या."

लग्नाच्या दिवशी सकाळी सातला टेम्पो निघायचा होता आणि दुसरी गादी अर्धीच भरून झालेली. मशीनची धूळ बसते म्हणून मी चष्मा काढून ठेवतो. ढिगातून कवेत येईल तेवढी रुई उचलायची, खोळीत कोंबायची, तोंड शिवायचं, मग काठीनं झोडपून सारखी करायची. आमच्या बापानं शिकवलेली रीत. घाईघाईत झालं, गाद्या टेम्पोत चढल्या, टेम्पो गेला.

नऊ वाजता पोळी कुस्करून घेऊन आलो तर म्हातारी नाही. मशीनखाली नाही, कूलरमागे नाही, माझ्या बैठकीवर नाही. अठरा वर्षांत तिनं जेवणाची वेळ चुकवली नव्हती. बायको म्हणाली, "सकाळी तर त्या ढिगातच झोपली होती. दुसऱ्या गादीच्या."

मी ढिगाची रिकामी जागा पाहिली. पांढरं मांजर, पांढरी रुई, डोळ्यांवर चष्मा नाही. बहिरी असल्यानं ती हाक मारून उठतच नाही, हलवावी लागते.

"अजी," बायको हळूच म्हणाली, "तुमी काठीनं झोडपली ना ते गादी?"

या अल्ला! भाऊंना फोन लावला. आता मुलीच्या बापाला लग्नाच्या सकाळी काय सांगायचं? तुमच्या आंदणात मांजर शिवलं आहे म्हणू? मेलेलं असलं तर? तोंडातून निघून गेलं, "भाऊ, गादीत सुई राहिली!"

"काय?"

"मोठी सुई! कोनाले बसू देऊ नका त्या गादीवर! मी येऊन राहिलो!"

कात्री, दोरा, सुया आणि दुधपोळीचा डबा घेऊन मिळाली ती बस धरली. दुधपोळी कशाला घेतली, मला विचारू नका. शेजारच्या माणसानं विचारलं, "चाचा, कोनाले दवाखान्यात पाहाले चालले काय?" मी हो म्हटलं आणि रडायला लागलो. त्यानं बिचाऱ्यानं मला खिडकी दिली. मला सारखं दिसत होतं, ती आत उठली असेल, चारी बाजूंनी रुई, तोंड उघडलं तर तोंडात रुई, आणि वरून मी काठी हाणतो आहे. जिला कधी चापट मारली नाही तिला.

कार्यालयात पोचलो तेव्हा मुहूर्ताला अर्धा तास होता. दारातच आंदण मांडलेलं. पलंगावर दोन्ही गाद्या, आणि गाद्यांवर नवरदेवाच्या आत्याबाई. भरभक्कम बाई. मांडी घालून लाडू खात होत्या.

"उठा!" मी ओरडलो.

"काहून?" त्या म्हणाल्या. "पोराची आत्या हावो मी."

"असान! उठा पयले!"

मी त्यांचा हात धरूनच उठवलं. लाडू खाली पडला. भाऊ धावत आले, फेटा तिरपा, तोंड लाल. "चाचा, आजच्या दिवशी हे काय लावलं? सकाळपासून साऱ्यायले सांगून राहिलो सुई हाये, सुई हाये, अन् हे बाई ऐकतच नाई!"

मी कोणाकडे पाहिलं नाही. दोन्ही खोळी सारख्याच, दुसरी कोणती ते कळेना, म्हणून कात्री घातली आणि वरची गादी टराटरा उसवली. दोन्ही हात कोपरापर्यंत आत. रुई बाहेर काढून फेकायला लागलो. मागे दाराएवढा कूलर चालू होता, हे माझ्या ध्यानातच नाही. एका मिनिटात मांडवात बर्फ! भटजींच्या भुवया पांढऱ्या, बँडवाल्याच्या पिपाणीत रुई, नवरदेव दहा वर्षांनी मोठा दिसायला लागला. लोक हातातल्या अक्षतांतून रुई निवडत होते.

आणि मी गादीत तोंड घालून म्हणत होतो, "ये वं माय, ये माही रानी. चुकलो मी. एक डाव आवाज दे. तुह्यासाठी दुधपोळी आनली पाय."

लोक जवळ सरकले. बँडही थांबला.

आत्याबाई म्हणाल्या, "हा सुईले दुधपोळी चारते काय?"

वरच्या गादीत काही नाही. खालची उसवली. हाताला काहीतरी मऊ, गोल लागलं. ओढून काढलं तर रुईचाच गोळा. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. बायको.

"सापडली! तुमच्या पेटीमागं, तुमचा जुना सदरा ओढून त्यावर झोपली होती. आता मशीनपाशी बसली हाये, तुमच्या बैठकीकडे तोंड करून. मी पोळी दिली तर तोंड फिरवते. या लवकर."

मी तिथंच, रुईच्या ढिगात फतकल मारून बसलो आणि मोठ्यानं रडलो. लाज वाटली नाही. सगळं सांगून टाकलं: सुई नव्हती, मांजर होतं, म्हणजे मांजरही नव्हतं. कोणी हसलं, कोणी कपाळावर हात मारला. आत्याबाई पदर खोचून खाली बसल्या आणि रुई गोळा करायला लागल्या. नवरीसुद्धा शालू सावरत दारापर्यंत येऊन पाहून गेली आणि तोंड दाबून हसली.

भाऊ मात्र हसले नाहीत. मला वाटलं, आता मारतात. ते माझ्याजवळ उकिडवे बसले, खोळीचं तोंड दोन्ही हातांनी उघडं धरलं आणि म्हणाले, "भरा चाचा."

मी भरायला लागलो. मुहूर्त वीस मिनिटांवर आला होता. भटजी दोनदा बोलावून गेले, तरी ते उठेनात. मी म्हटलं, "भाऊ, माफ करा. एका मांजरापायी तुमच्या घरचं कार्य नासवलं मी."

"किती वर्साची हाये?"

"अठरा."

"हातानंच खाते म्हनता?"

"माह्याच हातानं. मी नसलो तर उपाशी राहाते."

त्यांनी मूठभर रुई खोळीच्या कोपऱ्यात दाबली. त्यांच्या मिशांवर रुई होती, ती त्यांनी पुसली नाही.

"माही पोरगी बी लहानपनी तसंच करे," ते म्हणाले. "तुमची सापडली चाचा. घरी बसून तुमची वाट पाहून राहिली. शेवटचे टाके मी धरतो, तुमी सिवा पटापटा, अन् पयल्या गाडीनं जा. माह्या घरी आज संध्याकाळी कोनी नाई वाट पाहानारं."