पवारने वर आणलेलं हाड

फौजेतली नर्स, लेफ्टनंट म्हणून माझी पहिली पोस्टिंग पहाडातल्या फील्ड हॉस्पिटलात. ठाकुर्लीची मुलगी, कडक इस्त्रीचा युनिफॉर्म, नाक वर. आपल्याशिवाय ऑपरेशन थिएटर चालत नाही अशी माझी ठाम समजूत होती. आता हे सांगते तेव्हा नातवंडं हसतात. मीही हसते.

एका सकाळी गाडी दरीत गेल्याचा मेसेज आला. जखमी नायक म्हात्रे, डोंबिवलीजवळच्या गावचा. डावी मांडी फाटलेली, मधलं वीतभर हाड गायब. आमच्या सर्जन मेजर साहेबांनी रेडिओ उचलला.

"हाडाचा तुकडा शोधा. ओव्हर."

"बडी खाली उतरलाय, सर. ओव्हर."

बडी म्हणजे फौजेने लावून दिलेली जोडी. जखमी बडीची एकही वस्तू मागे ठेवायची नाही. सगळं जमा करून 'सामान पूरा' असा रिपोर्ट द्यायचा. म्हात्रेचा बडी लान्स नायक पवार, शहाडचा.

अँब्युलन्समधून बेशुद्ध म्हात्रे आला. सोबत पट्टीत गुंडाळलेलं हाड, मातीने माखलेलं.

सर म्हणाले, "याचंच हाड याला परत बसवू."

मी ते घासलं, सलाईनने धुतलं, ऑटोक्लेव्हच्या वाफेत निर्जंतुक केलं, डीप फ्रीजरमध्ये ठेवलं. जखम स्वच्छ होईपर्यंत पाय बाहेरून बसवलेल्या धातूच्या फ्रेमवर. हाड बसलं नाही तर पाय जाणार, हे पुढे म्हात्रेलाही सांगितलं.

शुद्धीवर येताच त्याने विचारलं, "मॅडम, पवार कुठंय?"

सरांनी मला बाजूला घेतलं. "सुट्टीवर गेलाय. सांगा त्याला."

पुढे सर राउंडला पवारचा निरोप देत. मी तो मीठमसाला लावून पोचवी. "पवार म्हणतो, लवकर ऊठ, नाहीतर तुझ्या वाटणीचं सुकट मी खातो." म्हात्रे हसे, जेवे. आणि मी बावळट खूश, की सर एवढ्या स्टाफमधून माझ्यावरच विश्वास टाकतात.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वॉर्डच्या दारात एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले.

"मी पवारचा बाप. त्याची पेटी न्यायला आलोय. म्हात्रे कोण?"

त्यांनीच सगळं सांगितलं. हाड वर देऊन पवार पुन्हा उतरला, ड्रायव्हरला काढायला. वरून दरड आली.

म्हात्रे माझ्याकडे बघत राहिला. "मॅडम, मग सुकट कोण खात होता?"

"मला माहीत नव्हतं रे."

"नको मला ते हाड. पाय कापा."

म्हातारे त्याच्या खाटेवर बसले. "माझा पोरगा ज्याच्यासाठी उतरला, ते फ्रीजात टाकून जाऊ का मी?"

म्हात्रेने मान डोलावली.

मी सरांकडे गेले. "सर, मला तरी सांगायचंत."

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही, सिस्टर. म्हणूनच नाही सांगितलं."

मी सॅल्यूट केला. कडक होता. आत काही नव्हतं.

हाड सावकाश जुळलं. पाय वाचला.

दरवर्षी, पवार गेला त्या दिवशी, म्हात्रे स्कूटरवर मला घ्यायला येतो, आम्ही शहाडला जातो. निघायच्या आधी सरांचा फोन येतोच.

"पाय कसा आहे त्याचा?"

"चालतो, सर."

"आणि तुम्ही?"

"पवारची वाट बघतेय. त्याची सुट्टी संपत नाही."

मी फोन ठेवते.

शहाडच्या त्या घरात पवारच्या फोटोशेजारी आता वडिलांचाही फोटो आहे. म्हात्रे समोर उभा राहतो. डावा पाय उचलून आपटतो, तोच. फरशी दणाणते.

"पवार," तो म्हणतो, "सामान पूरा."