मागच्या दारचं पाणी

कुणाच्याही घरी गेलं की माझे मामा पहिल्यांदा हात धुवायला जात. हात स्वच्छ असले तरी जात. पुढे सतरंजी अंथरलेली, यजमान टोपी सावरत उभे, चहाचं आधण चुलीवर, आणि मामा मात्र "जरा हातपाय धुतो" म्हणत थेट परसात. मुलगी द्यायची म्हणजे आधी घर बघायचं, आणि घर बघायचं म्हणजे मागून बघायचं, हा त्यांचा बाणा. खुटबावात त्यांना सगळे परसदार मामाच म्हणत. गावातल्या कुठल्याही लेकीचं लग्न ठरायचं तर आधी मामांचे पाय त्या घराच्या मागच्या दाराला लागावे लागत.

"पुढलं दार पाव्हण्यासाठी आस्तंय," ते म्हणायचे, "मागलं दार घरातल्या माणसांसाठी. लेक काय जन्मभर पाव्हणी ऱ्हाणार हाय व्हय?"

कासुर्डीच्या एका स्थळाची गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना पाठ होती. बंगला, दारात ट्रॅक्टर, पोरगा शिकलेला. मंडळी खूश. मामा हात धुवायला गेले आणि मोरीजवळच्या दगडावर त्या घरची थोरली सून एकटीच कोरडी भाकरी खाताना त्यांना दिसली. घरात पाहुण्यांसाठी पुरणाचा वास सुटला होता. मामांनी परत येऊन चहा घेतला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि उठताना "पोरगी अजून लहान हाय आमची" एवढंच बोलले. पोरगी चांगली पदवीधर होती. उलट शिरूरकडच्या एका पत्र्याच्या घरात मागच्या अंगणात सासरा नातवाला मांडीवर घेऊन न्हाऊ घालताना दिसला, तर मामांनी तिथेच साखरपुड्याची तारीख विचारली. ती माझी मावसबहीण. सुखात आहे.

अशा माणसाची मी भाची, आणि मी पसंत केलेला मुलगा अंदमानातल्या एका बेटावरचा. तपन रांजणगावला मी नोकरी करते त्याच कारखान्यात होता. मग नोकरी सोडून तो घरच्या सुपारीच्या बागेत पाहुण्यांसाठी खोल्या बांधायला परत गेला. आमच्या इनामगावच्या घरी मी हे सांगितलं तेव्हा आई रडली आणि वडिलांनी नेहमीचा मार्ग धरला. मामा घर बघून हो म्हणाले तर हो, नाही म्हणाले तर विषय संपला. माझं सगळं आयुष्य एका माणसाच्या हात धुण्यावर येऊन ठेपलं.

मामांना खरी चिंता वेगळीच होती. पंचमीला लेकीला आणायला मुराळी जातो, आणि आमच्या घरात तो मान मामांचा. "तिकडं कोन जानार मुराळी?" ते आईला म्हणाले. "एश्टी जाती व्हय समुद्रातनं? गेली ती गेलीच म्हनायची."

तरी ते निघाले, वाट दाखवायला मला बरोबर घेऊन. गावात मात्र अंदमान बघायला चाललो असंच सांगितलं, कारण स्थळ मोडलं तर बोभाटा नको. पिशवीत बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, आणि पाहुण्यांना द्यायला टॉवेल, टोपी, नारळ. मी म्हटलं, मामा, तिथे नारळाचंच रान आहे. पण रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणजे नाही. तो नारळ पुण्याहून विमानात बसला, पोर्ट ब्लेअरला उतरला, बोटीतून बेटावर गेला आणि नारळाच्या झाडाखाली उभ्या असलेल्या तपनच्या वडिलांच्या हातात पडला. त्यांनी तो कपाळाला लावला आणि देव्हाऱ्यात ठेवला. हसले नाहीत. मला तिथेच जरा धीर आला.

पण मामा तोवर हात धुवायला गेले होते. परत आले ते चेहरा पाडूनच. तपनच्या आईने मामा माळकरी म्हणून नवं पातेलं काढून वेगळं रांधलं होतं, केळफुलाची भाजी आणि खसखशीत शिजवलेले बटाटे. आपण चिमटीने घालतो ती खसखस यांनी वाटीने घातली होती. एरवी मामा यावर तासभर बोलले असते. इथे चार घास खाऊन त्यांनी हात आखडला आणि मला खुणेने मागे बोलावलं.

घरामागे वाळू होती आणि तिच्यापुढे लांबच लांब उघडा पडलेला तळ, काळे खडक, शेवाळ, चिखल. त्यात घरची होडी एका कुशीवर कलंडली होती. पाणी पार तिकडे, डोळे बारीक केले तर दिसेल इतकं दूर.

"ह्यांचं पानी पळालंय, पोरी," मामा हळू आवाजात म्हणाले. "नाव कोरडी पडलीय. मानसं चांगली हायेत, पन पानी गेलेल्या घरात लेक कशी द्यायची?"

मी सांगितलं की ही ओहोटी आहे, संध्याकाळपर्यंत पाणी येईल, समुद्रालाही कालव्यासारखं आवर्तन असतं. मामांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. उभ्या जन्मात त्यांनी कालव्याचं पाणी वेळेवर आलेलं पाहिलं नव्हतं. घोड नदी काय, भीमा काय, गेलेलं पाणी पुढच्या पावसाळ्याशिवाय परतत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मी पुस्तकातलं सांगत होते आणि खरं सांगायचं तर मीही ते पाणी परतताना कधी पाहिलं नव्हतं.

मग मामा मागच्या पायरीवर बसून राहिले, पाटाच्या तोंडाशी पाण्याची पाळी धरून बसावं तसे. थोड्या वेळाने तपनचे वडील येऊन शेजारी बसले. "पानी आयेगा ना पक्का?" मामांनी एकदाच विचारलं. त्यांनी मान डोलावली. दुपारभर घर त्यांच्या पाठीशी आपल्या रीतीने चाललं होतं. तपनच्या थोरल्या वहिनीने आजीला आधी भरवलं, मग सगळ्यांच्या बरोबरीने स्वतःचं पान घेतलं. भांडी तपनने घासली. मामा समुद्राकडे तोंड करून बसले होते, पण त्यांचं लक्ष कुठे असतं ते मला माहीत होतं.

उन्हं उतरली तसं पाणी आलं. आधी खडकांच्या फटीत, मग वाळूवर, मग होडीच्या पोटाखाली. होडी हलली, डुचमळली आणि सरळ उभी राहिली. मामा उठले. पायरीच्या खालपर्यंत आलेल्या पाण्यात त्यांनी हात बुडवले, आणि या वेळी खरोखरच धुतले.

"गेलेलं पानी त्याच दिशी माघारी येतंय," ते वळून मला म्हणाले, "तितनं लेक बी यील. सांग तुझ्या बापाला, घर बघितलं."

मी तिथेच पायरीवर बसून रडले. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलेलं नाही. मामांनी रात्री त्या खसखशीची भाजी दोनदा मागून घेतली आणि एवढ्या खसखशीने झोप लागली तर जाग येते का, अशी चौकशी केली.

लग्नानंतर मामांचा फोन आला की पहिला प्रश्न एकच, "पानी आलं का?" आमच्या तालुक्यात हे सगळेच सगळ्यांना विचारतात, तिथे त्यात काही विशेष नाही. मी खिडकीतून मागे बघून खरं काय ते सांगायची. आणि दर पंचमीला माहेरी जायचीच. मुराळी न येता.

गेल्या पौषात मामांचं बरंच बिघडल्याचा फोन आला. त्या दिवशी वारा होता, बोट सुटेल की नाही कळेना. सुटली. विमान मिळालं. सगळी वाट मी एकच गोष्ट मागत होते. खुटबावला पोचले तेव्हा पुढच्या दारात माणसं बसली होती, म्हणून मी मागच्या दाराने आत गेले. मामांनी डोळे उघडले, मला ओळखलं आणि माझा हात धरला.

"आलीस व्हय," ते म्हणाले. "म्हंजी पानी आलं."

"आलं, मामा," मी म्हटलं.