मोकळ्या पटांगणासमोरचं घर

त्या पेठेचं नाव मी सांगणार नाही. तिथं अजून माणसं राहतात आणि त्यांच्यातल्या निम्म्यांशी माझं अजून पटत नाही. अमरावतीची एक पेठ, एवढं पुरे. तिथं राहायला जाण्याआधी मी चार दिवस ती पेठ तपासायला गेले होते. जागा पुरुषांनी बघायची आणि बायकांनी मागाहून भांडीकुंडी घेऊन यायचं, असा तेव्हा रिवाज होता. तो मी मोडला आणि मोडल्याचा मला फार तोरा होता.

कारण होतं माझी मुलगी. साडेचार वर्षांची होती आणि तिला बाळदमा होता. आम्ही तेव्हा अकोल्याला राहत होतो, कापसाची सरकी काढायच्या दोन जिनांच्या मधल्या गल्लीत. दिवाळीपासून होळीपर्यंत हंगाम चाले आणि तेवढे दिवस हवेत कापसाची बारीक लव तरंगत असे. ती वाळत घातलेल्या लुगड्यांवर बसे, दुधावर बसे, मुलीच्या छातीत जाऊन बसे. उन्हाळा-पावसाळा पोरगी अंगणभर हुंदडायची. दिवाळी झाली की उशाला टेकून बसून श्वास ओढायची. डॉक्टर म्हणाले, हिला कापसापासून दूर न्या. वऱ्हाडात राहून कापसापासून दूर जायचं म्हणजे घरात राहून भिंतींपासून दूर जाण्यातलाच प्रकार, पण ते त्यांना कोण सांगणार?

माझे थोरले दीर शेंदूरजनाघाटला असत. भिक्षुकी होती, संत्र्यांची लहानशी बाग होती, मूलबाळ नव्हतं. जाऊबाई दर पत्रात लिहायला लावत, "पोरीला माझ्याकडे पाठव. इथली हवा चांगली आहे." त्यात वाईट काहीच नव्हतं आणि तेच मला सहन होत नव्हतं. मुलगी तिला मोठी आई म्हणे. आमच्याकडे थोरल्या काकूला तसंच म्हणतात. पण तो शब्द ऐकला की माझ्या डोक्यात तिडीक जायची.

यजमान सरकारी हायस्कुलात मास्तर होते. मुलीसाठी त्यांनी अमरावतीला बदली मागून घेतली. ऑर्डर आली त्या दिवशी मला म्हणाले, "येता हंगाम तिथं मानवला तर मुलगी आपल्याजवळ. नाही तर वहिनीकडे. तिला पुन्हा तशा धापा टाकताना मला बघायचं नाही." ते एकदा बोलले की बोलले. तेव्हा जागा मीच शोधणार, असं मी ठणकावून सांगितलं. पोरगी माझी, आणि तिला कुठली हवा लागते ते माझ्याइतकं कोणाला कळणार होतं?

मे महिन्याची सुट्टी होती. मुलीला सांभाळायला जाऊबाई अकोल्याला येऊन राहिल्या. निघताना पोरगी त्यांच्या कडेवर होती आणि मला टाटा करायचंही तिच्या लक्षात नव्हतं. बडनेऱ्याला गाडी बदलून आम्ही अमरावतीला यजमानांच्या मामांकडे उतरलो. यजमान हेडमास्तरांना भेटायला गेले आणि मी पदर खोचून पेठेत शिरले.

पेठ मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. वकिलांची, मास्तरांची, भिक्षुकांची घरं. प्रत्येक दारात एक बाई आणि प्रत्येक बाईच्या तोंडात तोच प्रश्न, "कोणाकडच्या?" त्याच्या मागोमाग शाखा, गोत्र, यजमानांचा पगार. एका वकिलीणबाईंनी तर मला पायरीवरच उभं ठेवून माझ्या माहेरच्या तीन पिढ्या काढल्या. चौथी काढायला लागल्या तेव्हा मी म्हटलं, "कुंडली पाठवून देते, सवडीनं बघा." त्यांनी धाडकन दार लावून घेतलं.

आडावर गेले तर पाचसहा जणी पाणी शेंदत होत्या. उन्हाळ्यात पाणी तळाला जातं का, आधी कोणाचा दोर पडतो, सोवळ्याचं पाणी कधी भरतात, असं मी एकामागून एक विचारत सुटले. एक जण म्हणाली, "आधी राहायला या तं खऱ्या, मग पाहू." बाकीच्या हसल्या. मी म्हटलं, तुमच्या परवानगीची मला गरज नाही. पुढचे तीन दिवस मी आडाजवळ आले की सगळ्यांचं बोलणं बंद पडायचं. पडू दे, म्हटलं. मला मैत्रिणी नको होत्या, हवा हवी होती.

आणि हवा होती! पेठेच्या टोकाला एक रिकामं घर होतं, दोन खोल्या, पडवी, मागे न्हाणी. समोर भलंमोठं पटांगण. पलीकडे कडुनिंबाची रांग, आणि मध्ये काहीच नाही. भर उन्हाळ्यात त्या पडवीत वारा खेळत होता. अकोल्याच्या गल्लीतून आलेल्या माणसाला ते पाहूनच छाती मोकळी झाल्यासारखं वाटलं. मुलगी तिथं धावताना मला दिसायलाच लागली.

पण मी भुलणाऱ्यातली नव्हते. सगळं तपासलं. भिंतींना ओल आहे का पाहिलं, चुलीवरचं धुराडं पाहिलं, मोरीत काठी घालून पाहिली. घरावर चढता येईल तितकं चढून चारी दिशांना धुराडी मोजली. जिनाचं एकही जवळ नव्हतं. पटांगणातून एक चक्करही मारली. तिथं दगडाचा लांबलचक हौद होता, कोरडा. गुरांसाठी कोणी पुण्यवान माणसानं बांधला असेल, असं मी ठरवलं. जागोजागी तीन तीन काळवंडलेले दगड मांडलेले होते. लग्नाची वऱ्हाडं उतरत असतील, म्हटलं. पडवीच्या आढ्यावर चिमणीचं घरटं होतं, त्यातून कापूस लोंबत होता. वऱ्हाडातल्या चिमणीच्या घरट्यात कापूस नसेल तर काय रेशीम असेल? सगळं मी माझ्या या दोन डोळ्यांनी पाहिलं, आणि एकाचाही अर्थ मला लागला नाही.

घरमालकीण शेजारीच राहत होती. जाडजूड, सावकाश बोलणारी बाई. तिनं पहिल्यांदा विचारलं ते हेच, "तुमच्याकडे कोणाला खोकलाबिकला नाही ना? मागच्या बिऱ्हाडात एकाला क्षय निघाला. आम्हाला जागा धुऊन काढावी लागली."

दमा म्हणजे क्षय नव्हे, हे मला ठाऊक होतं. पण अकोल्यात एका घरमालकानं मुलीचा श्वास ऐकून आम्हाला दारातूनच परत पाठवलं होतं. मी म्हटलं, "छे! मुलगी ठणठणीत आहे."

"मग ठीक."

"जवळ जिन आहे का हो?"

"नाही नाही. जिनं पार तिकडे. काहून? कोणाला त्रास होते काय?"

"मला भोंग्याचा कंटाळा आहे," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. खोटं इतकं झकास जमलं म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

तिसऱ्या दिवशी माळीण भेटली. गावाबाहेरच्या मळ्यातून ती रोज भाजी आणायची. मी पडवीत उभी होते, तिला बोलावलं. मेथीची जुडी हातात घेऊन म्हटलं, "ही जुडी आहे की काडी?"

"घ्याची असन तं घे," ती म्हणाली. मग मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाली, "इथं राह्यले येऊन राहिली काय वं तू?"

मास्तरांच्या बायकोला भाजीवालीनं 'वं' म्हणायचं? मी फक्त हो म्हटलं.

"लेकरं हायेत?"

"एक मुलगी आहे."

"मंग इथं नोको येऊ बाई. लेकुरवाळ्या बाईनं या घरात राहू नाही. आता बरं वाटते, पण दिवाई झाली का मंग..."

"आम्ही कुठं राहायचं ते तू ठरवणार का?" मी तिला पुढं बोलूच दिलं नाही. "भाजी विकायची तर नीट विक. नाही तर चालती हो."

तिनं टोपली डोक्यावर घेतली. "राह्य बापा. माह्यं काय जाते?" असं म्हणून ती निघून गेली. मला वाटलं, हीसुद्धा त्यांचीच. आडावरच्या बायकांनी शिकवून पाठवली असेल. परकं माणूस पेठेत नको म्हणून सगळ्यांनी कट केलाय, अशी माझी खात्रीच झाली. तोवर माझं थोडं मागंपुढं होत होतं. माळिणीनं नको म्हटलं आणि मी त्याच दुपारी ते घर नक्की केलं.

जूनमध्ये आम्ही आलो. पावसाळाभर मुलगी त्या पटांगणात बागडली. गवत वाढलं, हौदात पाणी साठलं, त्यात तिनं कागदाच्या होड्या सोडल्या. एकदाही छाती वाजली नाही. मी अकोल्याहून आलेल्या प्रत्येक माणसाला ती पडवी दाखवत होते. शेंदूरजनाघाटला मुद्दाम सविस्तर पत्र लिहून पाठवलं. जाऊबाईंचं उत्तर आलं, "ऐकून आनंद झाला." मला तो आनंद खोटा वाटला.

दसरा झाला, दिवाळी झाली. भाऊबीजेनंतर चारपाच दिवसांनी सकाळी मी सडा घालायला बाहेर आले तर पटांगणात बैलगाड्या उभ्या होत्या. दहा-वीस नव्हे, पटांगण भरून. दर्यापूरकडच्या, अचलपूरकडच्या, कुठकुठल्या. प्रत्येकीत कापूस खच्चून भरलेला. बाजारात नंबर लागेपर्यंत सगळ्या गाड्या त्या पटांगणात सोडत असत. बैल हौदावर पाणी पीत होते. गाडीवान तीन दगडांच्या चुलींवर भाकरी भाजत होते. बैलांपुढं टाकलेलं कुटार, म्हणजे भुसकट, वाऱ्यावर उडत होतं आणि त्याच्याबरोबर कापूस. तोच वारा, पडवीत खेळणारा, ज्याच्यासाठी मी हे घर घेतलं होतं.

मुलगी पळत बाहेर आली. इतके बैल बघून तिनं टाळ्या वाजवल्या.

मी दारंखिडक्या लावल्या. ओली लुगडी खिडक्यांवर टाकली. दिवसातून चारदा घर पुसलं. पण होळीपर्यंत दारं लावून कोण राहणार? सहाव्या दिवशी दुपारी ती भिंतीला टेकून बसली, खांदे वर, ओठ निळसर, आणि तो ओळखीचा आवाज. मी ओरडून शेजार गोळा केला. डॉक्टर आले, सुई दिली.

घरमालकीण दारात उभी होती. मी तिच्यावर तुटून पडले. गाड्यांचं का सांगितलं नाही? माहीत असून गप्प बसलात! तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "तुम्हीच म्हटलं होतं, मुलगी ठणठणीत आहे. दमा आहे म्हटलं असतं तं मीच नाही म्हटलं असतं. गाड्यांचं काय सांगाचं? ते तं सगळ्या गावाला माहीत आहे." आडावरची ती हसणारी बाई मागे उभी होती. ती म्हणाली, "आम्ही सांगितलंही असतं. पण तुम्ही बोलू दिलं कुठं?"

मी त्यांनाही काहीतरी बोलले. काय ते आठवत नाही. चांगलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माळीण आली. तिनं मला हाक मारली नाही. अडुळशाचा मोठा भारा पायरीवर ठेवला. "याचा रस मधासंग दे," ती म्हणाली. मग मुलीकडे बघून म्हणाली, "पोरीले दमा हाय हे तवा काहून नाही बोलली वं बाई?"

मी अडुळसा उचलला आणि दार लावून घेतलं. पेठेत एकाच बाईनं मला खरं सांगायचा प्रयत्न केला होता, आणि तिला मी चालती हो म्हटलं होतं. त्या दिवशीही आभार मानले नाहीत. आज वाटतं, मानायला हवे होते.

यजमानांनी शेंदूरजनाघाटला पत्र लिहिलं. आठवड्यात जाऊबाई येऊन मुलीला घेऊन गेल्या. "फक्त हंगाम संपेपर्यंत," त्या म्हणाल्या. मी मुलीच्या कपड्यांचं गाठोडं बांधून दिलं आणि त्यांच्याकडे बघितलंही नाही.

गुढीपाडवा झाल्यावर मी तिला आणायला गेले. अंगानं भरली होती, गालावर तुकतुकी आली होती. अमरावतीला आणली तर पंधरा दिवसांत तिनं मला तीनदा विचारलं, "आपण घरी कधी जायचं?" दिवाळीआधी ती पुन्हा गेली. तोवर मी दुसरं घर शोधायला लागले होते. ऐन पौषात, हंगाम भरात असताना पाहून ठरवलं आणि दाराशी उभी राहून सगळ्यांना आधी सांगितलं, माझ्या मुलीला दमा आहे. पण यजमान म्हणाले, "तिकडे तिला एकदाही झटका आलेला नाही. पुन्हा प्रयोग नको." भांडायला माझ्याकडे सगळं होतं, फक्त बाजू नव्हती.

ती सात वर्षांची असताना संत्र्यांच्या दिवसांत मी शेंदूरजनाघाटला गेले होते. जाऊबाई आत स्वयंपाकात होत्या. शेजारची एक म्हातारी ओसरीवर येऊन बसली. माझ्याकडे बोट करून तिनं पोरीला विचारलं, "हे कोण वं पाहुणी?"

"ही माझी अमरावतीची आई," मुलगी म्हणाली. आणि दाराकडे तोंड करून तिनं हाक मारली, "आई, पाणी आण गं!"

मी उठले. दोन पावलं टाकली, तोवर जाऊबाई तांब्या घेऊन बाहेर आल्या होत्या.