मागच्या पानावरचं मुखपृष्ठ

मानवतच्या जिल्दसाजानं, म्हणजे पुस्तकं बांधणाऱ्यानं, मला फसवलं. माझ्या तीन पुस्तिकांची मुखपृष्ठं त्यानं मागच्या बाजूला चिकटवली आणि मजुरी मात्र पुरी घेतली.

झरीच्या बाजारात गोणपाटावर बसून पुस्तिका विकता विकता मी मानवतला दुकान थाटलं. कुणी मला काही फुकट दिलं नाही, मीही कुणाला दिलं नाही. तेव्हा निजामाचं राज्य होतं. मराठी पुस्तिका म्हणजे मळकट कागदावर नाव, संपलं. सोमवारची कहाणी, लग्नाची गाणी आणि बैलांची औषधं लांबून सारखीच दिसायची. मी ठरवलं, तिघींना सख्ख्या बहिणींसारखं नटवायचं, पण लुगडं ज्याचं त्याला वेगळं.

त्यासाठी रद्दीवाल्याशी अर्धा दिवस भांडून पेटीभर जुनी पुस्तकं आणली. पाहतो तर जुने छापणारे आपल्याहून हुशार! चौकट सगळ्यांना एकच, रंग ज्याचा त्याला. वाचता न येणाराही रंग सांगून पुस्तक मागणार. सगळ्यांत देखणी वेलबुट्टी एका उर्दू किस्स्यांच्या पुस्तकावर होती. तशीच चौकट छापून घेतली. कहाणीला पिवळा कागद, गाण्यांना लाल, औषधांना हिरवा. मग ते उर्दू पुस्तक जिल्दसाजापुढं आपटून म्हणालो, "हुबेहूब असं बांधायचं. काडीचा फरक पडला तर मजुरी कापीन."

त्याचा जन्म उर्दू पुस्तकं बांधण्यात गेलेला. आपलं पुस्तक जिथं संपतं, त्या बाजूनं उर्दू पुस्तक सुरू होतं. त्यानं काडीचा फरक पडू दिला नाही.

गठ्ठे आले ते थेट श्रावणाच्या पहिल्या सोमवारी. श्रावणात कहाणी खपली नाही तर वर्षभर उंदरांच्या वाट्याला. दारात गर्दी, तपासायला वेळ कुठला? पहिल्याच बाईनं पिवळी मागितली. तिथंच उघडून अक्षरं लावली, 'सुफळ संपूर्ण.'

"अगं बया, संपली की! मंग उपास सोडू का?" म्हणत ती समोरच्या गाड्यावर भजी खायला गेली.

मागून एक शेतकरी लाल पुस्तिका नाचवत आला. "शेठ, तुमी तर पयल्याच पानावर नवरी सासरी धाडली. आमच्या पोरीला आजून हळदबी लागली न्हाई."

मी तडक जिल्दसाजाकडं गेलो. तो खळ ढवळत होता.

"हे काय केलंस?"

"तुमीच म्हणलाव, हुबेहूब. लावून बघा नमुन्याला."

"अरे, मराठी पुस्तक हाय ते!"

"मजुरीसाठी दोन तास घासाघीस केलाव शेठ. येवढं सांगायचंच ऱ्हायलं व्हय?"

तो श्रावण मी बाजारात "शेवटापासून वाचा!" असं ओरडत काढला. लोक हसायला यायचे आणि हसून झालं की एकेक घेऊन जायचे. सगळ्या खपल्या, तो मुद्दा वेगळा.

जिल्दसाज अजून ठणठणीत आहे. त्यानं भर बाजारात उभं राहून सांगावं, नमुना हातात आला की अक्कल बाजूला ठेवायची असते का? आणि त्या बाईचा मोडलेला सोमवार कुणाच्या माथी? माझ्या नाही, हे आधीच सांगतो. बोल म्हणावं आता.