मागच्या खिडकीतला कप

"मॅडम, प्रदर्शनाच्या स्पर्धेला हीच एन्ट्री पाठवायची. दुसरं काही मला दाखवूच नका," हेडसर म्हणाले.

त्यांच्या हातात नववीतल्या रियाचे दोन कागद होते. मी पेपर तपासणीला गेले असताना सरांनी माझ्या टेबलावरचा गठ्ठा चाळला होता. सर सहसा खूश होत नाहीत, आणि झाले तरी चेहऱ्याला पत्ता लागू देत नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला. मला आणखीच अवघड झालं. ती एन्ट्री पाठवता येणार नाही, हेच सांगायला मी गेले होते.

मी वसईतल्या एका अनुदानित शाळेत इतिहास शिकवते. आठवड्यातला एक तास मी मागून घेतला आहे. मुलं त्याला 'शेजाऱ्यांचा तास' म्हणतात. आमच्या एकाच वर्गात केळी-फुलांच्या वाड्या असणारी मुलं आहेत, कोळीवाड्यातली, मिठागराकडची, आदिवासी पाड्यावरची आहेत, आणि कोकणातून, देशावरून इथे फ्लॅट घेतलेल्यांचीही आहेत. पाठ्यपुस्तकात जगभरच्या लढाया सापडतात, पण शेजारच्या बाकावरचा कोण, ते सापडत नाही. म्हणून हा तास.

त्याचे नियम दोनच. स्वतःच्या समाजावर लिहायचं नाही, शेजाऱ्यावर लिहायचं. स्वतःवर लिहायला सांगितलं की झाडून सगळे समाज शूर, कष्टाळू आणि पाहुणचारात पुढे निघतात. दुसरा नियम पहिल्या वाचनाचा. ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांना घरी जाऊन आधी वाचून दाखवायचं. ते 'नको' म्हणाले तर कागद पुढे जायचा नाही.

रियाने सोमीवर लिहिलं होतं. सोमी पाड्यावरून गिरीजला रियाच्या आजीच्या वाडीत कामाला येते, रियाच्या जन्माआधीपासून. केळीची लोंगरं उतरवणं, फुलं खुडणं, तण काढणं, सगळं रियाने छान टिपलं होतं. शेवटी लिहिलं होतं, 'सोमीमावशीला आमच्याकडे इतका मान आहे की तिचा कप वेगळा आहे. तो मागच्या खिडकीत असतो. दुसरं कुणी त्याला हात लावत नाही.'

पोर खोटं लिहीत नव्हती. तो कप तिने लहानपणापासून पाहिलेला. त्याचा अर्थ कुणी सांगितला नाही, तेव्हा तिने आपला आपण लावला, आणि चांगला लावला. मी तो दुरुस्त केला नाही. पहिल्या वाचनाला मात्र तिच्याबरोबर गेले.

सोमी पाड्यावर आपल्या अंगणात वाल सोलत बसली होती. रियाने सगळं वाचलं. सोमी मध्ये दोनदा हसली. कपाच्या ओळीला तिचा हात थांबला.

"बाय, तो मानाचा नाय," ती म्हणाली. "तुमच्या भांड्यांत आमचं भांडं नको, म्हनून तो खिडकीत."

तिच्या आवाजात राग नव्हता. मला मात्र आला, आणि कुणावर काढावा ते कळेना.

रियाचा चेहरा उतरला. "मग तू कधी बोलली का नाहीस?"

"चा गरम असतो. पिऊन कामाला लागायचं. बोलायचं काय त्यात?"

"मी बदलते. खरं लिहिते."

"लिव. पन कुठं वाचू नको. तुझ्या आजीला कळलं तर ती माझं तोंड बघनार नाय. उद्या मला त्याच वाडीत यायचंय."

परतताना रिया सायकलवर बसली नाही, ढकलत चालली. "टीचर, मी मूर्ख आहे का?"

"नाही. तुला कुणी सांगितलं नव्हतं."

"मी पण विचारलं नाही ना."



तर हेडसरांच्या केबिनमध्ये मी विचारलं, "सर, हा कप कशाचा आहे ते कळलं ना तुम्हाला?"

"न कळायला काय झालं? आमच्या गावीही होता. पण मुलीला कळलेलं नाही, त्यातच गोडवा आहे. परीक्षकांना आवडेल."

"आता मुलीलाही कळलंय. आणि सोमी 'नको' म्हणाली."

"नियम तुमचाच आहे ना? मग करा शिथिल."

"सर, आज हे कागद गेले तर पुढच्या वर्षी कुठल्या दारात मुलांना उभं करू?"

सरांनी वेळापत्रक पुढे ओढलं. "दहावीचं गणित तुमचा हा तास मागतंय, मॅडम. शाळेच्या कमिटीला मी काय सांगू ते तुम्हीच सांगा." कागद मात्र त्यांनी माझ्याकडे सरकवले. चहा तोवर गार झाला होता. तो मी तसाच प्यायले.

प्रदर्शनात आम्ही मिठागरांचा तक्ता लावला. बक्षीस मिळालं नाही. तास वाचला, पण शनिवारी शेवटचा झाला. त्या वेळी मुलांचं सगळं लक्ष घंटेकडे असतं.

नंतर एकदा सोमी मला होळीच्या बाजारात भेटली.

"बाई, तुमची पोर बिघडली. माझा कप पळवला तिनं."

"म्हणजे?"

"आता तीच पिते त्यात. मला म्हनते, मावशी, तू फळीवरचा घे."

"आणि आजी?"

"नातीशी अबोला धरला दोन दिस. मग बोलली. नात हाय, टाकनार कुठं?"

"तुम्हाला काही म्हणाल्या?"

"मला काय म्हननार? मी कुठं काय केलं?" असं म्हणून ती भाजीकडे वळली.

परवानगी मागायला जाणाऱ्याने 'नको' ऐकायची तयारी ठेवूनच जावं, नाहीतर जाऊच नये. नियम शिक्षकालाही लागू असतो. म्हणून हे लिहून झाल्यावर नावं बदलली आणि पाड्यावर जाऊन सोमीला वाचून दाखवलं. तिने 'चालेल' म्हटलं. दुरुस्ती एकच सांगितली.

"चा कधीच गरम नसायचा, बाई. पोरीला वाईट वाटू नये म्हनून तसं बोलली मी."

तिचं ते वाक्य मी वर होतं तसंच राहू दिलं आहे.