एकटीने पुरा होणारा खेळ

देसले बाईंच्या क्लासमधल्या एकाही कीबोर्डवर बॅकस्पेसचं बटण नव्हतं. तुटलं नव्हतं की हरवलं नव्हतं. बाईंनी स्वतः स्क्रू-ड्रायव्हर घालून एकेक उचकटलं होतं आणि सगळी बटणं एका स्टीलच्या डबीत बंद करून ठेवली होती. मुरबाडच्या एसटी स्टँडजवळ, खत-बियाण्यांच्या दुकानाच्या माडीवर हा टायपिंगचा क्लास होता. खाली युरियाचा वास, वर बारा टाइपरायटरांचा कडकडाट, आणि कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या झाकणाखाली तीन कॉम्प्युटर. ते तीन शिकवायला मला ठेवलं होतं. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "बाई, मुलींनी चुकीचं अक्षर मारलं तर खोडायचं कशानं?"

"खोडायचं नाय. पान काढायचं नि नवं लावायचं. परीक्षेत काय खोडरबर नेणार हायत?" बाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता पुढच्या मुलीचं मनगट वर उचललं.

मी शहापूरची. नुकतीच कॉम्प्युटरची पदवी घेतलेली, त्यामुळे जमिनीपासून दोन बोटं वर चालत होते. किन्हवलीमार्गे रोज मुरबाडला यायचे आणि मनात म्हणायचे, या टायपिंगवाल्या बाईला काय कळतंय! बाई तेव्हा पंचेचाळिशीच्या. बुटक्या, इस्त्रीची सुती साडी, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं गाव, घरी भाऊ-भावजय आणि भाताची शेती; बाई मात्र मुरबाडला खोली घेऊन एकट्या राहायच्या. लग्नाचं कोणी विचारलंच तर म्हणायच्या, "एसटी टायमावर आली नाय, मी स्टँडवरनं घरी आले." असं म्हणून स्वतःच हसायच्या, म्हणजे विचारणाऱ्याला पुढचं विचारता येत नसे.

महिनाभराने एका दुपारी दोन तुकड्यांच्या मधल्या वेळात मी वर आले, तर बाई कॉम्प्युटरवर खेळत बसल्या होत्या. मला हसूच फुटलं. जपानी लोकांनी हातात धरायच्या छोट्या यंत्रासाठी केलेला तो खेळ. रानातून हिंडायचं, गवतात दडलेले चित्रविचित्र प्राणी चेंडू फेकून पकडायचे, त्यांना वाढवायचं, झुंजवायचं, आणि सगळ्या जातींची वही पुरी करायची. आमच्या कॉम्प्युटरबरोबर खेळांची एक सीडी आली होती, त्यात तो होता. बाई तो वर्षभर खेळत होत्या. पडद्यावरच्या प्राण्यांना त्या "आमची ढोरं" म्हणायच्या.

"हसू नको गो," बाई म्हणाल्या. "इकडं बघ. सगळी झाली, इतकीच बाकी. नि ती मिळतच नायत."

मिळणारही नव्हती. कारण त्या खेळाची रीतच तशी होती. काही प्राणी आपल्या खेळात नसायचेच, ते दुसऱ्याच्या खेळात असायचे. काही असे, की आपलं यंत्र वायरने दुसऱ्याच्या यंत्राला जोडून त्याला दिले तरच त्यांचं रूप पालटणार. एक तर असा, की तो कुठल्याच रानात नव्हता. परदेशात खेळणाऱ्यांचे मेळे भरत, तिथे जाणाऱ्यालाच मिळायचा. मी हे सगळं नेटवर वाचून बाईंना सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. मग चेहरा असा केला, की पंक्तीत बसवून कोणी पान वाढायचं विसरलं असावं.

"म्हणजे ज्याला जोडीदार नाय, त्यानं जन्मभर खेळायचं नि वही अर्धीच ठेवायची? हा कुठला न्याय?"

"बाई, खेळ आहे तो."

"खेळच हाय म्हणून सांगतेय. बाकी ठिकाणी आमी कुठं बोलायला गेलो?"

त्यानंतर बाई त्याविषयी एक शब्द बोलल्या नाहीत. आठ दिवसांनी मात्र विचारलं, "सुजाता, हा खेळ आतनं दिसतो कसा?" मी म्हटलं, दाखवतेच. माझा हेतू काही चांगला नव्हता. फाईलच्या आतले नुसते आकडे दाखवणारा एक प्रोग्राम मी उघडला. दहा आकडे आणि ए ते एफ ही अक्षरं, अशा सोळा चिन्हांच्या जोड्या, पडदाभर, पानांमागून पानं. मला वाटलं, बाई घाबरतील आणि आम्ही दोघी चहा प्यायला जाऊ.

बाई पुढे सरकल्या. मिनिटभर, दोन मिनिटं, दहा मिनिटं नुसत्या बघत राहिल्या. पानं वर सरकव, खाली सरकव. मग पडद्यावर बोट टेकवून म्हणाल्या, "हा तर तक्ता हाय."

टायपिंगच्या परीक्षेत एक प्रश्न तक्त्याचा असतो. रकाने किती, कुठल्या रकान्यात किती घरं, हे कागद लावायच्या आधी नजरेने मोजावं लागतं. बाईंनी पंचवीस वर्षं मुलींना तक्ते घालायला शिकवलं होतं. त्या आकड्यांच्या जंगलात त्यांना रकाने दिसले. इतक्या इतक्या घरांनी तोच आकडा फिरून येतो, म्हणजे इथे एका ढोराची ओळ संपली आणि दुसऱ्याची सुरू झाली. हा आकडा ताकदीचा असणार, कारण तो लहान ढोराला लहान आणि मोठ्याला मोठा आहे. मी पदवीची तीन वर्षं पुस्तकं घासली होती, पण असं मला दिसलं नसतं. दिसलं नव्हतंच. आज सांगायला हरकत नाही, त्या दुपारी माझे पाय जमिनीला टेकले.

मग तीन वर्षं ते काम चाललं. मुरबाडला तेव्हा भारनियमन म्हणजे दिवसाचे पाच-सहा तास ठरलेले. लाईट गेली की मी हात चोळत बसायचे. टाइपरायटरांना लाईट लागत नाही, मुलींचा कडकडाट चालूच. आणि त्या आवाजात बाई दोनशे पानी वही उघडून पेन्सिलीने आकडे लिहायच्या. एका पानावर बत्तीस ओळी, ओळीत सोळा जोड्या. कुठला आकडा काढायचा, तिथे कुठला घालायचा, त्यामुळे पुढे काय सरकणार, सगळं कागदावर. लाईट आली की वही डावीकडे ठेवून, नजर वहीवर, बोटं कीबोर्डवर, एका दमात ते पान उतरवायच्या. कीबोर्डकडे बघायच्या नाहीत, पडद्याकडेही नाहीत. मी किती वेळा मुद्दाम पडताळून पाहिलं. चूक सापडली नाही. त्या मारताना मी नुसती शेजारी उभी राहायचे, देवळात उभं राहावं तशी.

याचा अर्थ सगळं सरळ झालं असा नाही. कागदावरचा विचारच चुकला तर खेळ वेडापिसा व्हायचा. एकदा दुकानदाराच्या जागी झाड उगवलं आणि ते झाड औषधं विकू लागलं. एकदा अख्खं गाव पाण्यात गेलं. बाई कपाळाला हात लावायच्या नाहीत. "धरण बांधलं आपण," म्हणायच्या, आणि मूळ फाईलवरून पुन्हा सुरू. हळूहळू रूप पालटायला वायर लागेनाशी झाली. पुरेशी ताकद आली की जनावर आपोआप पालटायचं. दुसऱ्याच्या खेळातली ढोरं आपल्या गवतात चरायला आली. आणि जागा उरली तिथे बाईंनी रस्त्यावरच्या एका म्हातारीच्या तोंडचं इंग्रजी वाक्य काढून रोमन अक्षरांत मराठी घातलं. कोणीही तिच्याशी बोलायला गेलं की ती विचारायची, "जेवलास का?"

काम होईल तेवढं जगाला दाखवायचं, हा हट्ट माझा. मी फ्लॉपी जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून शहापूरला न्यायचे आणि तिथल्या सायबर कॅफेतून अशा खेळवेड्यांच्या एका संकेतस्थळावर टाकायचे. बाईंची अट एकच: मूळ खेळ द्यायचा नाही, फक्त आपण केलेले बदल द्यायचे. "रान दुसऱ्याचं हाय गो. आमी फक्त पायवाट पाडली." लोकांची उत्तरं मी छापून आणायचे आणि मराठीत करून वाचून दाखवायचे. सगळे बाईंना पुरुष समजायचे. पाच-सहा देशांतून एकच प्रश्न यायचा, ही म्हातारी काय म्हणते? बाईंनी मला उत्तर सांगितलं, "लिही, आमच्याकडं दुसरं काय बोलायच्या आधी हे विचारतात."

त्यातलं एक पत्र उत्तरेकडच्या कुठल्याशा बेटावरून आलं होतं. लिहिणारी बाईच होती, तिथल्या टपाल कचेरीत कामाला. बेटावर हा खेळ खेळणारं दुसरं कोणी नाही, सहा वर्षं वही त्याच आकड्यावर अडली आहे, आता सुटतेय, पण तो मेळ्यातला शेवटचा प्राणी तुम्ही कधी घालणार? बाईंनी ते दोनदा वाचायला लावलं. "तिथं पण नाय ना कोणी!" एवढंच म्हणाल्या. पण तो कागद त्यांनी पर्समध्ये ठेवला, आणि दुसऱ्या दिवसापासून शेवटच्या प्राण्याची वही सुरू झाली.

त्याच हिवाळ्यात बाईंची नजर बिघडली. साखर होतीच, ती डोळ्यांत उतरली. कल्याणच्या डॉक्टरांनी डोळ्याच्या पडद्यावर रक्त साचल्याचं सांगितलं. उपचार झाले, पण मधोमध एक काळा डाग राहिला आणि तो वाढत गेला. बाई मुलींच्या बोटांच्या आवाजावरून चुका ओळखत क्लास चालवायच्या, आणि नजरेच्या अंधुक कडेने वही डोळ्यांशी धरून आकडे लिहायच्या. सत्तर पानांचं काम होतं. घाई त्यांनी आयुष्यात केली नव्हती. त्या वर्षी मी त्यांना घाई करताना पाहिलं. शेवटचं पान लिहून झालं तेव्हा ओळी तिरक्या एकमेकींवर चढल्या होत्या, आणि बाईंना स्वतःचं अक्षर दिसत नव्हतं.

"तू वाच. मी मारते," बाई म्हणाल्या.

दोन आठवडे मी वाचत होते आणि त्या मारत होत्या. सत्तर पानं झाली. मी खेळ सुरू केला. शेवटचा प्राणी बाईंनी एका तळ्याच्या काठी ठेवला होता. मी तळ्यापाशी गेले आणि खेळ गोठला. संगीत तुटून एकच सूर भोंग्यासारखा वाजत राहिला. सत्तर पानांत चूक कुठे शोधणार, आणि शोधणार कोण?

बाई डोळे मिटून तो सूर ऐकत होत्या. "तळ्याशीच अडला ना? मग सत्तेचाळिसावं पान. तू एक ओळ गाळलीस."

मी वही उघडली. एकमेकींवर चढलेल्या दोन ओळींतली खालची मी खरंच वाचली नव्हती. "बाई, तुम्हांला कसं कळलं?"

"मारतानाच कळलं व्हतं. बत्तीसऐवजी एकतीस ओळींनाच पान संपलं."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"म्हटलं, डोळं गेलं, आता मोजणी पण गेली असंल."

मला रडू आलं, आणि रागही आला, त्यांचा नाही, माझाच. मी म्हटलं, तेवढी ओळ घालू आणि पुढचं सरकवू. बाईंनी मान हलवली. पान नवं लावायला सांगितलं, आणि सत्तेचाळिसाव्यापासून शेवटपर्यंतची चोवीस पानं पुन्हा मारली.

बाई पुढे पाच वर्षं जगल्या. क्लास दुसऱ्याकडे गेला, त्या गावी भावाकडे गेल्या आणि साखरेने शेवटी मूत्रपिंडंही नेली. बेटावरच्या त्या बाईची वही पुरी झाल्याचं पत्र मी त्यांना ओसरीवर बसून वाचून दाखवलं होतं. पण बाई आठवतात त्या मला मुरबाडच्या माडीवरच, त्या दुपारच्या.

चोवीस पानं झाल्यावर, वर्ग सुटल्यावर, खेळाची बटणं बाईंनी स्वतःच्या हातात घेतली. मी म्हणायचे, डावीकडे चार पावलं, आता वर, आता थांबा. तळ्याशी सूर तुटला नाही. गवत सळसळलं, कधी न ऐकलेली एक बारीक हाक आली, आणि बाईंनी पहिल्याच फेकीत तो प्राणी धरला.

"किती बाकी?"

"काहीच नाही, बाई. वही पुरी."

बाईंनी हात मांडीवर ठेवले. त्यांनी त्या प्राण्याचे सगळे आकडे पाठ केले होते, पण त्याला पाहिलं कधीच नव्हतं. त्यांनी पडद्याकडे तोंड केलं, जरा चुकीच्या बाजूला.

"कसा हाय गो तो?"

अंगठ्याएवढं चित्र, करड्या रंगाच्या चार छटा. मी आयुष्यात कुठल्या गोष्टीकडे इतकं निरखून पाहिलं नसेल. "लहान आहे. पाय दुमडून बसलाय. कान मोठे, एक जरा वाकलेला. आपल्याकडेच बघतोय."

"आपल्याकडं?"

"हो."

बाई हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "बघ गो! एकटीला पुरा करता यावा म्हणून तीन वर्षं घातली, नि दोघी लागल्याच."

मी त्यांचं बोट धरलं आणि पडद्यावर, त्या वाकलेल्या कानावर नेऊन टेकवलं.