उलट्या हाताची परीक्षा

नरखेड तालुक्यातल्या उपकेंद्रात मी नर्स म्हणून रुजू झाले, तेव्हा नागपूरच्या प्रशिक्षणातून एक गोष्ट घोकून आले होते. तान्ह्या बाळाचं पोट आणि तळपाय उलट्या हाताने तपासायचे. दोन्ही उबदार, तर बाळ ठीक. पाय थंड, तर बाळाला थंडी वाजते आहे. ताबडतोब आईच्या उघड्या छातीशी द्यायचं. ही परीक्षा जणू मीच शोधून काढली अशा थाटात मी गावोगाव शिकवायचे. थर्मामीटर होता, पण त्याचे सेल संपले होते आणि नव्या सेलची मागणी मी दोनदा लिहून दिली होती. हाताला सेल लागत नाहीत, असं वर सगळ्यांना ऐकवायचे.

डिसेंबरातल्या एका सकाळी संत्र्याच्या बागांमधून स्कूटी हाकत मी एका घरी पोचले. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. बाळ सहा दिवसांचं, महिनाभर आधीच जन्मलेलं, मुठीत मावेल एवढं. अशी बाळं थंडीने गपचूप जातात, रडतसुद्धा नाहीत. म्हणून तर मी एवढ्या सकाळी गेले होते.

बाळाची आजी चुलीपुढून उठून आली. "ताई, याचे पाय थंड लागून राह्यले वं. दूधही नाही ओढून राह्यला."

मी ऐटीत उलटा हात लावला. पाय छान गरम लागले. पोटही.

"आजी, तुम्ही आत्ता भाकरी करत होता ना? हात तापलेत तुमचे. तापलेल्या हाताला सगळं थंडच लागणार."

म्हातारी चहा ठेवायला वळली. शिकलेल्या बाईपुढे गप्प बसायची सवय आम्हीच त्यांना लावली आहे. मी फॉर्म काढला आणि 'बाळ उबदार' या रकान्यात बॉलपेनने ठसठशीत टिक केली.

मग चहा आला. स्टीलचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरला, तशी बोटं ठणकायला लागली. मोज्यांशिवाय आठ किलोमीटर स्कूटी चालवून ती पार बधिर झाली होती, हे मला तेव्हा कळलं. चहा संपवून उठताना बाळाच्या पायाला सहज हात लावला.

पाय गार होते. माठाच्या बुडासारखे.

तापलेल्या हाताचा तो नियम अगदी बरोबर होता. गारठलेल्या हाताला तो उलटा लागू पडतो, सगळं गरमच लागतं, एवढंच मी विसरले होते.

"आजी, बाळाले पोरीच्या छातीशी द्या! झबलं काढा, टोपी राहू द्या!" इतका वेळ जपलेली माझी पुस्तकी मराठी कुठल्या कुठे गेली. लेकीने पोलकं सोडलं, आजीने दोघांवर गोधडी घातली. मी दवाखान्याच्या गाडीसाठी फोन केला. यायला तास लागेल म्हणाले. तोवर बसून राहण्याखेरीज माझ्या हातात काही नव्हतं. एवढी भीती मला कधीच वाटली नव्हती, आणि एवढी लाजही. मांडीवरच्या फॉर्मवर बाळ अजून उबदारच होतं.

थोड्या वेळाने न राहवून मी गोधडीत हात घालायला गेले. आजीने माझं मनगट धरलं.

"थांबा ताई. आधी तुमचे हात."

तिने माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन खसाखसा चोळले, स्वतःच्या गालाला लावून पाहिले, पुन्हा चोळले. आयुष्यात मी एवढी मुकाट्याने तपासणी करून घेतली नव्हती.

"हं, आता पाहा."

मी हात आत सरकवला. पाय पुरते तापले नव्हते, पण मघासारखे गारही नव्हते. मी दोन बोटांनी तळवा धरला, तसा बाळाने पाय झटकून माझा हात उडवून लावला. मी तिथेच हुंदके देऊन रडायला लागले.

"आता काहून रडून राह्यल्या वं ताई?" आजी म्हणाली. "लात मारली ना त्यानं तुमाले!"